गव्हाणचा बेस

वापरलेली वस्तू विकणारा प्रत्येक माणूस 'कंडिशन एक नंबर' असं का लिहितो, हे मला आजवर कळलेलं नाही. दोन नंबरची कंडिशन हा प्रकार पनवेल तालुक्यात नसावाच. गंजलेली, वाकलेली, आत झुरळांनी संसार थाटलेली, सगळ्यांची कंडिशन एक नंबर. मागच्या वर्षी एका आठवड्यात मी चार बेस गिटारी पाहिल्या आणि माणसांबद्दल जे काही बरं मत उरलं होतं तेही घालवून बसलो.

मला घाणीची किळस नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी नवीन पनवेलमध्ये दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. दिवसभर परक्या माणसांच्या तोंडाचे साचे माझ्या हातात असतात. त्यांना कधी लाळ लागलेली असते, कधी रक्त, एकदा तर अख्खा बडीशेपेचा दाणा सापडला होता. साचा धुतो आणि त्याच हातांनी डबा खातो. पण समोरचा माणूस तोंडावर खोटं बोलायला लागला की मला त्याची किळस येते. बायको म्हणते, तुला नाक मुरडायची सवयच लागली आहे. असेल.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. ती वाजत असते तेव्हा तिच्याकडे कोणी बघत नाही. थांबली की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं, आणि का ते कोणाला सांगता येत नाही. मी कॉलेजात असल्यापासून लग्न होईपर्यंत एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. लग्नानंतर एका खोलीत राहायला गेलो, तिथे बेस ठेवायचा की कपाट असा प्रश्न आला आणि कपाट जिंकलं. पुढे पंचवीस वर्षं मी बेस फक्त मांडीवर बोटं आपटून वाजवला.

मग आमच्या सुकापूरच्या सोसायटीत चार जण जमले. एक गाणारे, एक तबला-ढोलकीवाले, एक कीबोर्डवाले आणि मी. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जुनी हिंदी गाणी. दोन महिने मी उसन्या बेसवर वाजवलं आणि त्या दोन महिन्यांत मला झोप नीट लागायला लागली, हे बायकोनेही कबूल केलं. मग ज्याचा बेस होता त्याची पुण्याला बदली झाली आणि बेसही पुण्याला गेला. पुढच्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेलो. कीबोर्डवाल्यांनी डाव्या हाताने खालचे सूर वाजवून दाखवले आणि म्हणाले, "असंही चालतंय की. येत्या रविवारपर्यंत तुमचं जमलं तर ठीक, नाहीतर आपण असंच करू." अगदी गोड आवाजात म्हणाले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझी जागा एका माणसाच्या रिकाम्या डाव्या हाताने घेतली, आणि ती परत मिळवायला माझ्याकडे सात दिवस होते.

बायकोने दहा हजारांची परवानगी दिली. त्याच्या वर एक रुपया गेला तर उद्यापासून डबा गिटारकडून करून घे, असंही सांगितलं.

सोमवारी मी पनवेलच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जांभळी, पोपटी आणि आगपेटीवर असतो तसल्या लाल रंगाची अशा तीन गिटारी काढल्या. तिन्ही सहा तारांच्या. मला चार तारांचा बेस हवा म्हटल्यावर त्याने पक्कड उचलली. "दोन तारा काढून देतो ना, त्यात काय," म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय, पण त्याने एक तार खरंच सैल केली होती. मी त्याचा हात धरला. मग आतून धूळ खात पडलेला एक नवा बेस आला, दहाच्या आतला. मी तो बंदूक धरतात तसा डोळ्याशी धरून मानेवरून, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीवरून, नजर टाकली. बेस घेताना हेच आधी पाहायचं असतं. रंग गेला तर देता येतो, खुंट्या बदलता येतात, वायरी डाग देऊन जोडता येतात, पण मान वाकडी असली की सगळं मुसळ केरात. ही मान केळ्यासारखी होती. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा इतक्या बाहेर आलेल्या की हात फिरवताच तळव्याला ओरखडा उठला. दुकानदार म्हणाला, नवीन आहे, वाजवून वाजवून सरळ होईल. वाजवून मान सरळ झालेली मी अजून पाहिलेली नाही, गिटारची नाही आणि माणसाचीही नाही.

मंगळवारचा बेस मोबाइलवरच्या जाहिरातीतला, आमच्याच सुकापूरच्या एका टॉवरमधला. घरात शिरताच अत्तराचा भपकारा. बेस टीव्हीच्या वर भिंतीला टांगलेला, बाजूला इटुकले दिवे. घरमालकाने तो शोभेसाठी घेतला होता, आणि सोफा बदलल्यामुळे आता तो रंगसंगतीत बसत नव्हता. तारांना हात लावला तर फरसाणाच्या पिशवीत बोटं घातल्यासारखं झालं. मागचं झाकण उघडून बघू का विचारलं, तर नको म्हणाले. तरी मी उघडलं. आत झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी शेंगा, बटनांच्या वायरींना चिकटलेल्या. ते गृहस्थ एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "हे तुम्ही आत्ता आणलं नाहीत ना?" त्यावर पंधरा हजार किंमत, कारण भावना गुंतल्या आहेत. बडा घर पोकळ वासा ही म्हण मी लिफ्टमध्ये मोठ्याने म्हटली. लिफ्टमध्ये मी एकटाच होतो.

गुरुवारी जासईला गेलो. कंटेनरच्या रांगांमधून ट्रेलरची धूळ खात तासभर पत्ता शोधला. फोटोत काळा चकचकीत बेस होता. पत्र्याच्या गोदामातून जो बाहेर आला तो तपकिरी होता आणि त्याला बुरशीची पांढरी लव आली होती. हा तो नाही म्हटलं तर विकणारा म्हणाला, फोटो नेटवरचा आहे, माल सेम. मग त्याने माझ्यादेखत शर्टाच्या बाहीने बुरशी पुसली, तीच बाही कपाळावरून फिरवली आणि म्हणाला, "कंडिशन एक नंबर." मी स्कूटरला किक मारली.

शनिवार उजाडला. आता फक्त गव्हाणचा पत्ता उरला होता, तोही कवळी न्यायला आलेल्या एका आजोबांनी सांगितलेला. त्यांच्या गावात पूर्वी एक बेंजो पार्टी होती, हळदीच्या कार्यक्रमांना वाजवणारी. आता लोक डीजे बोलावतात, पार्टी मोडली, पण बेस वाजवणाऱ्या गड्याने बेस अजून ठेवला आहे, म्हणाले.

घर तीन मजली होतं, चकचकीत फरशांचं. खाली ओसरीवर एक साठी उलटलेले काका बनियनवर बसले होते. मी कशासाठी आलो ते सांगितल्यावर ते आत गेले आणि जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या खोळीतून बेस घेऊन आले. जाहिरात नाही, एक नंबर नाही, काही नाही. नुसता माझ्या हातात दिला.

त्यावर सगळीकडे हळदकुंकू होतं. डोक्यावर, अंगावर, तारांखाली जिथून आवाज उचलला जातो त्या काळ्या पट्ट्यांवर. हळदीच्या पाच बोटांचा ठसा होता. ज्या लोखंडी पट्टीवर तारा अडकवतात तिच्या फटीत वाळलेल्या अक्षता होत्या. दर दसऱ्याला पूजा झालेली आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत ती कधी पुसलेली नाही. वर्षांवर वर्षं चढली होती.

मी मानेवरून नजर टाकली. मान ओळंब्यासारखी सरळ होती. काकांनी आवाज मोठा करणारा एक छोटा अॅम्प लावून दिला. मी प्रत्येक पट्टीवर प्रत्येक तार दाबून पाहिली. कुठे खरखर नाही, कुठे सूर मरत नाही. खालची तार वाजवली तेव्हा तिची थरथर ओसरीच्या कठड्यातून माझ्या मांडीपर्यंत आली. असा बेस आज नवा घ्यायचा तर माझ्या दहा हजारांत त्याची खोळही आली नसती.

काकांनी आठ सांगितले.

आता माणसाने काय करावं? आठ देऊन, पाया पडून घरी यावं. पण मी पनवेलच्या बाजारात वाढलेला माणूस. हवी असलेली वस्तू हातात आली की आधी तोंड पाडायचं, ही आमची रीत. भेंडी कोवळी असली तरी एक मोडून जून आहे म्हणायचं. वस्तूला नावं ठेवल्याशिवाय पैसे दिले तर आपण फसलो असं आम्हाला वाटतं. मी नावं ठेवायला जागा शोधली आणि मला एकच सापडली.

"काका, किती घाण करून ठेवलाय हो हा," मी म्हणालो. नाकही मुरडलं. "आतल्या वायरी सडल्या असणार. साफ करायलाच तीन हजार जातील."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. कोरडं कुंकू होतं, ब्रशने दहा मिनिटांत निघालं असतं. ज्या हातांनी मी परक्याची लाळ धुतो त्यांना कुंकवाची कसली घाण?

दारात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती बोलली. "घान नाय ती. दसऱ्याला मीच पूजते त्याला. त्याच्यावर पोरं मोठी केली आमी."

"जाव दे," काका तिला म्हणाले. "त्यांना नको त पुसून देव. पाच द्या तुमी."

मग त्या बाईने ओलं फडकं आणलं, फरशीवर बसली आणि बेस मांडीवर घेतला. आधी डोकं पुसलं, मग मान, मग अंग. हळदीची बोटं पुसायला वेळ लागला. फटीतल्या अक्षता नखाने एक एक काढून तिने डाव्या मुठीत धरल्या, कारण पूजेचं असं केरात टाकत नाहीत. मग उठून त्या अंगणातल्या तुळशीत ठेवून आली. फडकं लाल झालं होतं. तेही तिने मोरीत टाकलं नाही, तुळशीच्याच कट्ट्यावर वाळत घातलं. या सगळ्याला पाव तास लागला असेल. मी खुर्चीवर बसून पाणी पीत होतो. पुसू नका मावशी, असं म्हणायला मला क्षणही लागला नसता. पण तसं म्हटलं असतं तर भाव पुन्हा आठावर गेला असता, म्हणून मी गप्प बसलो. मऊ लागलं म्हणून कोपराने खणणं म्हणतात ते हेच.

काकांनी नोटा न मोजता बनियनच्या आत सरकवल्या. बेस खोळीत घालताना त्यांनी विचारलं, "तुमी बोटांनी वाजवता का पत्तीनं?"

"बोटांनी," मी म्हणालो. तारा छेडायची ती प्लास्टिकची पत्ती मी कधी वापरलीच नाही.

"आमी पन," ते म्हणाले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची बोटं पाहिली. सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते, दोन बोटं तर मिटतच नव्हती. या तालुक्यात बेस वाजवणारी माणसं मला तीन-चारच ठाऊक आहेत. त्यातल्या एकाच्या ओसरीवर मी तासभर बसलो होतो आणि त्याच्या वाजवण्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्यानंतरही विचारला नाही. उशीर होतोय म्हणालो आणि निघालो. जासईवाला निदान कुंकवाला घाण म्हणाला नव्हता, हे रस्त्यात सारखं डोक्यात येत राहिलं. दोनदा स्कूटर थांबवली. दोन्ही वेळा पुढेच आलो.

रविवारी सकाळी मी बेस हॉलमध्ये नेला. पहिल्याच गाण्याला तबलेवाल्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या गाण्यात कीबोर्डवाल्यांचा डावा हात आपोआप मांडीवर गेला आणि तिथेच राहिला. माझी जागा मला परत मिळाली, पूर्ण मिळाली. चहाच्या वेळी कीबोर्डवाल्यांनी बेस हातात घेऊन उलटसुलट पाहिला, किंमत विचारली आणि पाच ऐकून भुवया उंचावल्या. एवढ्यात कसा काय मिळाला, म्हणाले.

मी सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. वस्तूला देवाधर्माचं काही लावलेलं असलं की त्यालाच घाण म्हणायचं, म्हणजे गावची माणसं ओशाळतात आणि भाव स्वतःच खाली आणतात, हेही समजावून दिलं. गाणारे जोरात हसले. तबलेवाल्यांना एक जुनी ढोलकी बघायची होती, ते म्हणाले, हे लक्षात ठेवायला पाहिजे. कीबोर्डवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग मीही त्यांच्याबरोबर हसलो, आणि त्या खोलीत कोणालाही माझी किळस आली नाही.