शब्द फोडता येतात, तेवढंच

राहुरीच्या आमच्या दारात भाड्याची गाडी उभी होती, तेव्हा सगळ्यात जास्त बोलत होते ते शेजारी. विमानात काय खावं, काय खाऊ नये, बॅगेला कुठल्या रंगाची चिंधी बांधावी, हे मला अशी माणसं सांगत होती ज्यांनी विमान फक्त उसाच्या फडावरून जाताना पाहिलं होतं. आई बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होती. पप्पा गप्प होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी नोकरी काढली, आणि काट्यावर बडबडणारा माणूस चुकतो असं त्यांचं ठाम मत. गाडी सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "करुणा, तिकडं कुनी विंग्रजीत लई फाडफाड बोलाय लागलं तर बुजू नको. तुला येतंय."

येत होतं, पण ते कसं, हे तिकडे राहिलेल्यांना ठाऊक नाही. मी मराठी शाळेतली. नर्सिंगला गेले तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग केडगावात एका निवृत्त मेट्रन मॅडमकडे शिकवणी लावली. परदेशी जाणाऱ्या नर्सिंगच्या मुली त्यांच्याकडे परीक्षेची तयारी करायच्या. मॅडम शेंगा समोर घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, शब्द पाठ करू नका गं, फोडा. आत दोन-तीन दाणे असतात, लॅटिनचे नाहीतर ग्रीकचे. ते ओळखीचे झाले की कुठलीही शेंग तुमचीच.

आणि खरंच तसं झालं. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी, 'आयटिस' म्हणजे सूज, 'कार्डिओ' म्हणजे हृदय. ग्रीकमधला नकाराचा 'अ' तर थेट आपल्या अशक्त आणि अबोलमधला 'अ' निघाला, तेव्हा मला परक्या गावात चुलत बहीण भेटल्यासारखं वाटलं. 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'फेजिया' म्हणजे खाणं, हे कळल्यावर माझ्या कोपरगावच्या मैत्रिणीचं नाव आम्ही पॉलिफेजिया ठेवलं. ती चिडायची आणि चिडून आणखी एक वडापाव खायची. ती आता आयर्लंडमध्ये आहे. तिच्यासारख्या निघून आलेल्या सगळ्याजणी हे वाचतील तर त्यांना ती शिकवणी आठवेल. आम्हाला वाटलं होतं, आता जगात न कळणारं असं काही उरलं नाही.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका गावी आले, हॉस्पिटलात लागले, आणि घर मोबाईलमध्ये आलं. रविवारी चर्चहून आल्यावर आई फोन लावायची. गावात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो माझ्याकडे यायचा. मी ड्युटीवरून आल्यावर एकेक शब्द फोडून सांगायचे, आणि पप्पांना त्याचा कोण अभिमान. शेजाऱ्यांना म्हणायचे, डॉक्टर काय, लिहून मोकळा हुतो. आमची पोरगी उलगडून सांगती.

मग पप्पांच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली. आधी आई चिडवायची, की म्हातारपणी लाड करून घेताय. मग उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली. नगरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. माझा धाकटा भाऊ संदेश पप्पांना घेऊन फिरत होता. पुण्याहून त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ताई, हे काय आहे? मी वॉर्डाच्या मागच्या खोलीत चहा घेत होते. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. मला तो आजार माहीत होता, फोडायची गरज नव्हती. तरी मन आपोआप फोडत बसलं. 'अ' म्हणजे नाही. 'मायो' म्हणजे स्नायू. 'ट्रॉफ' म्हणजे पोषण. चहा तिथेच राहिला.

मी संदेशला सगळं सांगितलं. यावर औषध नाही, हात जातील, पाय जातील, वाचा जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. पप्पांनाही सांगितलं, कारण त्यांनी सरळ विचारलं आणि त्यांच्याशी खोटं बोलायची आमच्या घरात रीतच नाही. ते म्हणाले, "बरं." आईला सांगितलं तेव्हा ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "पर त्या नावाचा अर्थ काय?" मला बाकी काहीच करता येत नव्हतं, हे येत होतं. मी म्हणाले, स्नायूंना अन्न मिळत नाही, असा अर्थ होतो.

बाकीचं सगळं आईने सोडून दिलं आणि एवढंच धरून ठेवलं. अन्न मिळत नाही ना, मग अन्न देऊ. तिच्या हाताला काम मिळालं. सकाळी हुलग्याचं माडगं, मग उकडलेली अंडी, आळीवाची खीर, शनिवारी पायाचा रस्सा. मी सांगायचे, आई, तसं नसतं गं, मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसाच मरतात, खाऊन त्या परत येत नाहीत. ती ऐकायची आणि म्हणायची, "तूच म्हनलीस ना, अन्न न्हाई म्हनून?" ज्या कुणी हे नाव ठेवलं तो चुकला होता असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तो चुकलाही नव्हता.

मी रजा काढून गेले. पप्पांचे दंड हातात धरले तर आत काही नव्हतं. आई अभिमानाने दाखवत होती की ताट कसं चाटूनपुसून संपवतात. रजा संपली. जाऊ नको असं कुणी म्हणालं नाही, पप्पा तर मुळीच नाही. राहते म्हटलं तर डोळे वटारले.

आता पप्पांना गिळता येत नाही. डिसफेजिया. 'डिस' म्हणजे बिघडलेलं, 'फेजिया' तेच खाणं, ज्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. प्रत्येक घास चुकीच्या नळीत जाऊ शकतो. डॉक्टरांनी गॅस्ट्रोस्टॉमी सुचवली, पोटात थेट नळी. 'गॅस्ट्रो' पोट, 'स्टोमा' तोंड. पोटाला नवीन तोंड. पप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. संदेशने विनवलं, मी फोनवरून विनवलं, चर्चचे पाळकसाहेबही येऊन बोलून गेले. पप्पांचं उत्तर तेच. तुमची आई हाताने देईल ते खाईन, नाहीतर नको.

इथे माझं काम काय, तर अशाच म्हाताऱ्यांना भरवणं. उशी मागे, हनुवटी खाली, अर्धा चमचा, थांबायचं, गिळलं का बघायचं. परक्यांच्या वडिलांना मी हे रोज करते आणि ते थँक यू म्हणतात. आईला मी हे सगळं व्हिडिओवर शिकवलं, उशीला टेकून स्वतः करून दाखवलं. ती शिकली. पण ठसका लागला की शिकवलेलं सगळं विसरते.

परवा दुपारी तिने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि मऊ खिचडी कालवली. पहिल्याच घासाला पप्पांना असा ठसका लागला की चेहरा निळा पडला. मी इथून ओरडत होते, पुढे वाकव, पाठ थोपट. ठसका थांबला. श्वास परत आला. मी म्हणाले, आई, बास, आता एक घासही नको. आईने चमचा खाली ठेवला. तेव्हा पप्पा काही बोलले. हल्ली त्यांचं बोलणं नुसता घोगरा आवाज असतो, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. आईला सगळं कळतं. मी विचारलं, काय म्हणतायत?

आई माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "म्हनत्यात, पोरीला फोन ठिवाय सांग. तिला बघवत न्हाई."

आणि पप्पांनी तोंड उघडलं.

मला त्यांना अडवता आलं असतं का? कशाने? मी फोन ठेवला. मग कपडे करून कामावर गेले, आणि फोन आवाज मोठा करून खिशात ठेवला. मेट्रन दोनदा रागावली. घर कुठे आहे असं इथल्या बायका विचारतात तेव्हा मी नकाशात राहुरी दाखवते, मुळा धरण दाखवते. ते खरं नाही. माझं घर म्हणजे आता हा फोन, जो वाजत नाही तोवर ते दोघं जेवत आहेत.