वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही

पोस्टमन म्हणून माझी सगळी नोकरी मानोऱ्याच्या आसपास गेली. तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला दूर जायची आणि मागे राहिलेल्या बाया माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. माझा एक नियम होता. पत्र लिहून झालं की सांगणारीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, तिनं मान हलवली की मगच पाकीट चिकटवायचं. ऐकताना त्यांना हमखास आणखी काही आठवायचं, मी खाडाखोड करायचो, चिडायचोही. पण नियम मोडला नाही. त्याच नियमानं म्हातारपणी माझी फजिती केली.

आमच्या जिल्ह्यातून बाहेर गेलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक मंच आहे. जुने फोटो, गावच्या गोष्टी, बिनकामाची भांडणं, सगळं तिथं चालतं. गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी तिथं लिहिलं होतं, की माझे वडील इंझोरीला शाळामास्तर होते, मी चार वर्षांची असताना वारले, एक फोटो सोडला तर माझ्याजवळ त्यांचं काही नाही. ते कसे होते, कोणी सांगेल का? लिहिणाऱ्या बाई स्वतः साठीच्या पुढच्या होत्या.

इंझोरी हे माझ्या मायचं माहेर. माय आता ऐंशीला टेकली आहे. एखाद्या दिवशी तिला सत्तर वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवतं, एखाद्या दिवशी सकाळी जेवली की नाही तेही आठवत नाही. त्या दिवशी ती शुद्धीत होती. मी बाईंचा मजकूर वाचून दाखवला तशी ती बाजेवर उठून बसली.

"थो मास्तर? मले शिकवे थो. लिव. आधी जयभीम लिव."

तिनं सांगितलं, मास्तर परजातीचा, पण आल्या दिवशी आमच्या दारातल्या रांजणातलं पाणी मागून प्याला, सगळं गाव पाहत होतं. खडू संपला की कोळशानं लिहायचा. कोणाला मारायचा नाही, पण हजेरी रोज घ्यायचा. मी मोबाइलवर मंचाच्याच चौकटीत एका बोटानं टाइप करत होतो. सगळं झाल्यावर नियमाप्रमाणं वाचून दाखवलं. मायनं दोन ठिकाणी सुधारणा केली, पुन्हा वाचायला लावलं, मधे चहा घेतला, तिसऱ्यांदा ऐकलं आणि मान हलवली.

मी पाठवण्याचं बटण दाबलं. मंचानं मला ओळखलंच नाही. नाव आणि पासवर्ड मागितला. ते भरून आत गेलो तर लिहायची चौकट कोरी. मागे गेलो, पुढे आलो, मोबाइल बंद करून सुरू केला. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"गेलं का?" मायनं विचारलं.

"गेलं," मी म्हणालो. जन्मभर टपाल वाटलेल्या माणसानं आपल्या मायशी असं खोटं बोलावं, याची मला लाज वाटली. पण तिला पुन्हा सांगायला लावायची हिंमत नव्हती. उद्या तिला आठवेल याची खात्री कोण देणार?

दोन दिवस मी त्या मंचाची चौकशी लावली, जशी आम्ही हरवलेल्या पार्सलाची लावत होतो. आत शिरायचं, दोन शब्द लिहायचे, अंघोळ करून यायचं आणि बटण दाबायचं. गायब. लगेच दाबलं तर जायचं. म्हणजे बराच वेळ गप्प बसलं की मंच माणसाला गुपचूप बाहेर काढतो आणि तसं सांगतही नाही. त्याच्या लेखी मी रिकामा बसलो होतो, मायला वाचून दाखवत नव्हतो. तेव्हा ठरवलं, आधी वहीत लिहायचं, वहीतूनच वाचून दाखवायचं, मग मोबाइलच्या नोंदींत उतरवायचं, आणि शेवटी मंचावर शिरून तो मजकूर तिथं डकवायचा. वाचून दाखवणं मात्र सोडायचं नाही.

माय रोज विचारत होती, "त्या बाईचं उत्तर आलं का?" तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. सगळं कबूल केलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "अर्धंच सांगतलं होतं म्या. घे वही."

मी वही घेतली.

"कापसाची वेचनी होती. बापानं मले शाळेतून काढलं. मास्तर घरी आला तं बाप म्हने, पोरगी मामाच्या गावाले गेली. मी घरातच होती, कणगीमांगं. तीन दिवस आला थो. दारात उभा राहून हजेरी घेतल्यावानी माह्यं नाव घे. घडीभर थांबे, पुन्हा घे. मले बोलावं वाटे. पन बाप समोर उभा. चवथ्या दिवशी नाई आला मास्तर. आता त्याले कसं सांगू? त्याच्या पोरीले सांग, थो येत होता तवा मी घरातच होती."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या पोस्टाच्या परीक्षेच्या वेळी रोज पहाटे मला हलवून उठवणाऱ्या मायची शाळा तिसरीतच का सुटली, हे मीही कधी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि अक्षर वाकडं पडलं.

मग नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागलो. पाणी, कोळसा, वेचणी. दारातल्या मास्तरापाशी आलो तेव्हा मास्तरानं घेतलं तसं मायचं नाव वाचलं आणि श्वास घ्यायला थांबलो.

"हजर," माय म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. "हे लिहू?"

"लिव."

शेवटची ओळ तीच लिहिली. सगळं नोंदींत उतरवलं, मंचावर शिरलो, डकवलं, लगेच बटण दाबलं आणि पान पुन्हा उघडून पाहिलं.

"गेलं का?"

"गेलं," मी म्हणालो, आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.