ग्रीक समुद्राला नारळ

नॉटिंगहॅमच्या दुकानात आज नारळ कानाशी हलवून पाहिला आणि आतल्या पाण्याच्या आवाजासरशी ग्रीसमधली ती शिडाची होडी आठवली. सकाळी बेटं उन्हात चमकत होती. दुपारी वारा फिरला आणि समुद्र काळा पडला. माझ्या बायकोने, सुमनने, घरून आणलेला नारळ पिशवीतून काढला.

“अगं, हा समुद्र ग्रीक. त्याला काय कळणार?”

“नारळ सगळ्यांना कळतो हो,” म्हणत तिने तो लाटांत सोडला.

तासाभरात समुद्र निवळला. “बघितलंत?” ओले केस पिळत ती हसली.

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये तिच्या खाटेजवळच्या खिडकीत मी नारळ ठेवला होता. ती गेल्यावर नर्सने तो तिच्या चष्म्यासोबत पिशवीत घालून परत दिला.

त्या दिवशी समुद्राने ऐकायलाच नको होतं.