अक्कासाठी सर्व्हर

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मधेच ठसका लागला तर तुमच्या घरचे माझ्या नावानं बोटं मोडतील. आणि एक अट आहे. या प्रकरणात मूर्ख कोण, हे शोधायला मला अख्खा पावसाळा लागला. तुम्हाला कदाचित लवकर कळेल. कळलं तरी मधे बोलू नका. निवृत्त माणसाचं बोलणं तोडायला घरी माणसं असतात, मित्रांनी ते काम करू नये.

तर माझी थोरली बहीण, अक्का. पिंपळगाव राजाला लेकाकडे असते. मला वाचायचं वेड लावलं ते तिनंच. लहानपणी ती मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकत ऐकत झोपायचो. आता तिच्या डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो, अक्षर दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी मेहकरहून तिला फोन लावायचो आणि अर्धा तास वाचून दाखवायचो. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी चालू होती. नायक वेष पालटून शत्रूच्या किल्ल्याकडे निघाला होता.

पण अर्धा तास वाचन कुठलं! अक्का मधेच विचारणार, "बापू, भाजी काय केली आज?" मग तिच्या सुनेचं, मग आमच्या गुडघ्यांचं. नायक बिचारा पानभर चालायचा आणि आम्ही त्याला झाडाखाली बसवून वांग्यांवर बोलायचो.

आता मी पडलो कारकून. काम तुंबलेलं मला बघवत नाही. मनात आलं, ही काय पद्धत आहे? आपण वाचून, रेकॉर्ड करून ठेवावं. अक्कानं हवं तेव्हा, हवं तितकं ऐकावं. तिचा वेळ मोकळा, माझाही मोकळा. (मोकळा वेळ आम्हा दोघांनाही आधीच घालवता येत नव्हता, हा मुद्दा टिपणीत यायचा राहून गेला.)

मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, रेकॉर्डिंग सरळ फोनवरून पाठवत जा ना."

छे! आपल्या घरचा कागद दुसऱ्याच्या कपाटात का ठेवायचा? मी घरातच सर्व्हर उभा करायचं ठरवलं. नाव ऐकून दचकू नका. एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा, तो दिवसरात्र चालू ठेवायचा, आणि त्यात ठेवलेलं आपल्या माणसांना आपापल्या फोनवर कुठूनही ऐकता येतं. एवढंच. 'दिवसरात्र चालू ठेवायचा' हे शब्द मात्र लक्षात असू द्या. माझ्या राहिले नाहीत.

पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून, डोक्याला हात लावून तो सर्व्हर एकदाचा चालला. अक्काच्या सुनेनं तिकडे फोनवर एक खूण करून दिली. तिथं बोट ठेवलं की माझा आवाज. पहिल्या दुपारी अक्का म्हणाली, "मायबाई! तू तं रेडिओवरच बोलून राह्यला, बापू!" त्या दिवशी पैनगंगेच्या पुलापर्यंत फिरायला गेलो तेव्हा छाती जरा जास्तच पुढे होती.

फिरून आलो, सहज फोन केला.

"काय अक्का, आयकलं का पुढचं?"

"नाई रे. बंद पडलं ते. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं म्हणते सून."

मी लगेच खोलीत गेलो. कॉम्प्युटर चालू! आतला पंखा घरघरतोय, दिवे लुकलुकताहेत. पडद्यावर मात्र संदेश: यंत्र मघाशी अचानक बंद पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी चालू, दुपारी चालू, संध्याकाळी अक्काकडे बंद, आणि मी खोलीत गेलो की पुन्हा चालू. हा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. साहेबांच्या गाडीचा आवाज आला की फायली उघडून बसणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत. पण यंत्रानंही हेच शिकावं?

मग काय, अक्काला फोनवरच वाचून दाखवायचं. नायक किल्ल्याच्या दरवाजाशी आला होता.

लाईट जाते म्हणावं, तर खोली इन्व्हर्टरवर होती. म्हणजे दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे कॉम्प्युटरसोबत आलेल्या त्या मूळ कारभारी प्रोग्रामचा. मी निदान केलं. कारकुनाचं निदान आणि देवाची करणी, दोन्हींवर अपील नसतं. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या राठोडांकडे गेलो.

"सिस्टीम बदलतो मी. लिनक्स टाकतो."

"काका, सिस्टीमच खराब हाय कायवरून? वायर-बियर, बटन पाह्यलं का?"

"राठोडभाऊ, मी नोकरी केली हाय, खेळ नाही केला."

त्यांनी पेनड्राइव्ह काढून दिला. घरी आलो, नवी सिस्टीम चढवायला घेतली. ती प्रश्न विचारत गेली, मी 'पुढे' दाबत गेलो. जन्मभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर न वाचता सह्या ठोकल्या होत्या, तीच शिस्त इथं वापरली. त्यातला एक प्रश्न होता, 'डिस्कवरचं सगळं पुसू का?' मी म्हटलं, पुढे.

सगळी रेकॉर्डिंग्ज गेली. फोनवरची मूळ तर मी रोजच्या रोज पुसत होतो, कारण फोन सुप्रभातच्या फुलांनी भरलेला. अर्धवट दप्तर मला चालत नाही, म्हणून नायकाला परत त्याच्या गावी आणून पहिल्या प्रकरणापासून चालवायला लागलो.

"काऊन रे बापू, हा तं आंधीच निंघाला होता ना?" अक्का म्हणाली.

"काही विसरलं असंल त्याचं, घ्यायले आला," मी म्हटलं.

नवी सिस्टीम आली आणि संध्याकाळी सर्व्हर बंद. अगदी जुन्या शिस्तीत!

आता संशय आला तो माणसांवर. माणसं म्हणजे घरात दोनच. त्यातला एक मी. उरली सुमन.

"सुमन, झाडतांनी बटन-बिटन लागलं का तुह्या हातून?"

"मले काय करायचं तुमच्या बटनाचं?"

"चुकून म्हनतो मी. फडा लागला असंल."

"फडा खाली असते, बटन वर असते. मी काय फडा डोक्यावर घेऊन झाडते का?"

तर्क बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढवला. बायकोपुढे तर्क संपला की आवाज चढवण्याची चूक तुम्ही करू नका. तिनं फडा माझ्या हातात दिला. "आजपासून तुमच्या खोलीचा उंबरठा मी वलांडनार नाई. झाडा तुमचे तुम्ही, आन् सांभाळा ते धूड!"

तरी खबरदारी म्हणून मी एक पाटी केली. सुवाच्य अक्षरात: 'हे बटण कोणीही, कोणत्याही कारणास्तव बंद करू नये.' खाली तारीख, सही. दाराजवळच्या स्विचबोर्डाच्या वर ठोकली. सुमननं उंबरठ्याबाहेरूनच मान वाकडी करून ती वाचली आणि गेली.

संध्याकाळी सर्व्हर बंद. म्हणजे बायको निर्दोष, आणि तिची माफी मागायची वेळ जवळ आली! ती टाळायला मी दुसऱ्या जातीचं लिनक्स आणलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. रेकॉर्डिंगची प्रत काढून ठेवली. त्याच डिस्कवर, शेजारच्या कप्प्यात. घर जळेल म्हणून तिजोरीतले दागिने काढून त्याच घराच्या माळ्यावर ठेवावेत, तसं. डिस्क पुसली, प्रत पुसली, आणि नायक पुन्हा गावी!

एका संध्याकाळी फोनवर अक्काचा आवाज उतरलेला होता. "बापू, एक सांग. मी असेतोवर तो मानूस किल्ल्यात जाईन का रे?"

ती हसली. मला हसू आलं नाही. ज्या बहिणीनं मला कितीक पुस्तकं पार नेऊन पोचवली, तिला मी एका दरवाजातून आत नेऊ शकत नव्हतो. सिस्टीम बदलता बदलता मी नेमकं काय दुरुस्त करतोय, हाच प्रश्न पहिल्यांदा पडला. पण प्रश्न पडला की उत्तरासाठी दौरा काढायचा, ही सवय. म्हटलं, दोष अक्काच्या फोनमधेच असणार. प्रत्यक्ष पाहणी करावी.

सकाळी खोलीत गेलो, सर्व्हर चालू असल्याची खात्री केली, पिशवी घेतली आणि खामगावची बस धरली. तिथून पिंपळगाव राजा.

अक्का ओसरीवर बाजेवर बसली होती. पाय वाजले तशी म्हणाली, "आला का रे बापू? उजवा पाय घासतो तू अजून."

मी तिचा फोन घेतला, खुणेवर बोट ठेवलं. गोल गोल फिरलं. बंद!

"पाह्य, अक्का! मी निंघालो तवा चालू होता. घरात त्याले हात लावाले कोणी नाही. सुमन तं उंबरठाच वलांडत नाही."

"बस खाली," अक्का म्हणाली. "सुनबाई, परवाचं ते फोनातच उतरवून ठेवलं होतं ना तू? लाव बरं."

सुनेनं लावलं. माझा आवाज. आपलं रेकॉर्डिंग मी कधी ऐकलंच नव्हतं. स्वतःची टिपणी पुन्हा वाचणारा कारकून अजून जन्मायचा आहे. नायक दरवाजाशी आला, प्रकरण संपलं, पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मी बंद करायला बोट नेलं.

"थांब!" अक्का म्हणाली. "खरी गंमत तं आता हाय."

रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं. मी ते बाहेर आल्यावर बंद करत असे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. खुर्ची सरकली. मग माझाच आवाज, अगदी स्वच्छ: "घसा सुकला बाप्पा! अक्काले काय जाते, बसल्या बसल्या आयकाचं!" मग स्वयंपाकघरातून सुमन: "चहा पाह्यजे असंल तं या, मी आनून देणार नाई!" कुकरची शिट्टी. चपला. आणि मग, खट, खट, खट, खट.

अक्कानं माझ्याकडे तोंड केलं. डोळ्यांनी दिसत नाही तिला, पण नजर अगदी साहेबांची.

"बापू, तुह्या खोलीत लाईट कितीक?"

"एक."

"पंखा?"

"एक."

"टेबलावरचा दिवा धर. तीन झाले. मंग चौथा खटका कायचा रे?"

उत्तर अंगणातल्या कोंबडीनं दिलं.

आता ऐका. ऑफिसातून सर्वांत शेवटी निघणारा मी. निघताना दाराजवळच्या बोर्डावरून तळहात वरून खाली फिरवायचा. सगळी बटणं बंद. सकाळी खालून वर, सगळी चालू. निरोप समारंभात साहेबांनी माझ्या कर्तृत्वातलं हेच एक उदाहरण दिलं होतं, 'यांनी कधी वीज वाया घालवली नाही.' टाळ्या पडल्या होत्या. तोच हात घेऊन मी घरी आलो. अक्काकडे सर्व्हर बंद पडायचा तो मी खोलीतून निघाल्यावर, आणि चालू व्हायचा तो मी पाहणीला शिरताना; वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय मीच करून ठेवली होती. आज बसला निघतानाही मी तेच केलं होतं. आणि पाटी? पाटी डोळ्यांसाठी होती. हात कुठं वाचतो?

मी विचारलं, "तुले कधीपासून मालूम?"

"पयल्या हप्त्यातच कळलं."

"मंग सांगितलं काऊन नाही? एवढ्या सिस्टीम बदलल्या म्या! तो मानूस कितीकदा गावी गेला!"

"जाऊ दे न्," अक्का म्हणाली. "सांगितलं असतं तं तुहं यंत्र सुधारलं असतं. मंग सांजीले तू फोन काऊन केला असता?"

मी तिच्या सुनेकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

घरी आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. माफी वगैरे शब्द होते त्यात, जरा घाईनं म्हटले. ती उठली, एवढ्या दिवसांत प्रथमच उंबरठा ओलांडून खोलीत आली आणि पाटीसमोर उभी राहिली.

"खाली सही कोनाची हाय?"

"माझी."

"मंग तुमाले वाचता येत नाई का?"

आता मी पूर्वीसारखा फोनवरच वाचतो. सर्व्हर आहे; त्यात सुमननं तिच्या मैत्रिणींची भजनं ठेवलीत, आणि ती कधी बंद पडत नाहीत, कारण तिनं त्याची वायर स्वयंपाकघरात नेली. नायक परवा किल्ल्यात शिरला. नेमका तेव्हाच अक्कानं विचारलं, वांगी काय भाव चालली तिकडे? मीही त्याला दरवाजाआड उभं करून वांग्यांवर बोलत बसलो. बोलत बोलतच उठलो, फोन कानालाच, आणि खोलीतून बाहेर पडलो.

पलीकडून अक्का म्हणाली, "चार खटके झाले रे, बापू."