मळ्याच्या दारात थांबलेल्या बाई

माझा स्वभाव भांडकुदळ. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्या सुनांचे कष्ट वाचतील. नवऱ्याशी भांडले, साहेबांशी भांडले, देवाशीही रोज थोडं भांडण असतंच. पण आमच्या हायस्कुलातल्या बाईंपुढे माझं कधी काही चाललं नाही.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीच्या मुलींच्या हायस्कुलात बाई आम्हाला गणित आणि आरोग्यशास्त्र शिकवत. मूळच्या पुण्याकडच्या. पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकून त्यांना वाटलं, वर्गात मारामारी जुंपली आहे. दारातच थबकल्या बिचाऱ्या. मी उठून म्हटलं, "बाई, तुमी काहून घाबरून राह्यल्या? आमी त सादंच बोलून राह्यलो." त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, सरळ सांगते. दिसायला साध्या, आवाज बारीक, छडी कधी हातात धरली नाही. एखादं गणित अडलं तर फळ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "मला येत नाही हे. उद्या सांगते." मास्तरणीला येत नाही! आम्ही एकमेकींकडे बघायचो. आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायच्या.

मी मावशीकडे राहून शिकत होते. माझं गाव अंजनगाव सुर्जी, आणि आमचे पानमळे. ज्यांनी विड्याच्या पानांचा मळा पाहिला नाही त्यांना सांगते, ते शेत नव्हे, देवघर असतं. चहूकडून कुडाने बंद, एकच दार. आत जायचं ते आंघोळ करून, अनवाणी. आणि बाईमाणसाला महिन्याची अडचण असली की तिने मळ्याच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल सुकते असं आमच्याकडे पक्कं मानतात. माझे बाबा तर एकदम कडक. वेलीशी पोटच्या पोरीपेक्षा मऊ बोलायचे, मला राग यायचा.

बाईंनी वर्गात सांगितलं होतं की यात विटाळ-बिटाळ काही नसतो, शरीराचं काम आहे ते, जसं श्वास घेणं. मी सुट्टीत घरी जाऊन मायला हे ऐकवलं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "हे त्या वेलीले जाऊन सांग." झालं, संपला वाद!

मॅट्रिकचं वर्ष समोर होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर माझं लग्न ठरत आलेलं. अकोल्याच्या जुन्या शहरातलं पानांच्या व्यापाऱ्याचं घर, आमचा माल त्यांच्याकडेच जायचा. मुलगा चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण मला शिकायचं होतं हो! जेवणावर रुसले, मायशी भांडले, बाबांपुढे मात्र तोंड उघडेना. पाहुणे दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की शब्द गेला, मग ब्रह्मदेव आला तरी मागे फिरणं नाही.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी, सकाळच्या मोटारीने बाई आमच्या दारात! मावशीकडून त्यांना कळलं होतं. घामाने चिंब झालेल्या, नाकावर धूळ. मायने पाणी दिलं, गूळ दिला. बाई म्हणाल्या, "मला हिच्या वडिलांशी बोलायचं आहे. दुपारच्या मोटारीने परत जायचं आहे." आता पंचाईत अशी, की वैशाखात वेलीला पाणी देणं चालू असलं की बाबा मळा सोडून बाहेर येत नसत. राजा आला तरी त्याने मळ्यात जावं. म्हणून माय, मी आणि बाई तिकडे गेलो.

बाबांनी आतून पाहिलं. मास्तरीण आपल्या पोरीसाठी एवढ्या लांब आली म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं. हाक दिली, "या बाई, आत या. थंडं हाये इथं."

बाईंनी वहाणा काढल्या, आणि दारातच थांबल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला आज आत जाता येणार नाही. आईला सांग."

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मी कुजबुजले, "बाई, कोनाले समजते? चाला ना आत!" अहो, माझं सगळं आयुष्य त्या दारात अडकलं होतं. चार पावलं आत टाकायची, बोलायचं, मोटार गाठायची. पण बाईंनी नुसती मान हलवली. शेवटी काय ते ओळखून मायनेच आत हाक दिली, "त्यायले आज आत येता येत नाई."

बाबा पुन्हा पाण्याकडे वळले. पाटात पाणी सुटलेलं, ते टाकून येणार कसे? बाई बाहेर एका बाभळीखाली बसल्या. बाभळीची सावली ती काय, चाळणीच. झळा लागत होत्या, बाईंचा गोरा चेहरा तांबडालाल झाला होता. मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडत होते. बसल्या बसल्या मोटारीचा भोंगा ऐकू आला, आणि मोटार गेली.

पाणी संपलं तेव्हा उन्हं कलली होती. बाबा हातपाय धुऊन बाहेर आले आणि बाईंसमोर जमिनीवर बसले.

"मोटार गेली ना तुमची?"

"गेली."

"पोरगी मॅट्रिक पास होईन?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "गणित कच्चं आहे हिचं. पण वर्षभर मिळालं तर होईल, असं मला वाटतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अहो, इतक्या लांबून आलात त्या माझं गणित कच्चं आहे हे सांगायला?

बाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, घाम पुसला. "अकोल्याच्या पावन्यायले सांगतो, वर्षभर थांबा मनून. थांबले त थांबले, नाई त नाई." एवढंच बोलले आणि उठले.

बाई त्या दिवशी आमच्याकडेच राहिल्या. मायने त्यांचं अंथरूण बाहेरच्या पडवीत घातलं, अडचणीच्या दिवसांत ती स्वतःचंही तिथेच घालायची. दिवेलागणीला मी त्यांच्याजवळ बसले आणि दिवसभराचा राग ओकले. "तुमी त मानत नाई ना हे?"

"नाही मानत."

"मंग?"

"मळा माझा नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या वडिलांना फसवून तुला मागायला आले नव्हते मी."

अकोल्याचे पाहुणे थांबले नाहीत. मी मॅट्रिक झाले, गणितात काठावर. पुढे ट्रेनिंग करून अकोल्यातच मास्तरीण झाले आणि जठारपेठेत बिऱ्हाड केलं. तपासणीला साहेब यायचे तेव्हा बाकीच्या मास्तरणी हुशार मुली पुढे बसवायच्या. मी जशा होत्या तशाच बसवल्या आणि शेरे खाल्ले. येत नाही ते येत नाही म्हणून सांगितलं. जीभ मात्र नाही सुधारली, तो बाईंचा दोष नाही.

नोकरीला लागून थोडी वर्षं झाली असतील, बाई गेल्याचं कळलं. तशीच अंजनगावला गेले. का, ते मलाही माहीत नव्हतं. बाबा मळ्यात वेली बांधत होते, त्यांना सांगितलं. हातातलं काम तसंच ठेवून ते खाली बसले. दुःखात माणूस कसं वेडंवाकडं बोलतं, मी म्हटलं, "बाबा, तुमाले एक सांगू? आमच्या बाई विटाळ मानतच नव्हत्या."

"मले माईत हाये," बाबा म्हणाले.

"कोनं सांगतलं?"

"सांगाले काहून पायजे कोनी? मानत असत्या, त त्या दिवशी घरूनच निंघाल्या नसत्या." त्यांनी डोळे पुसले. "मानत नसून उनात बसल्या त्या, पोरी. आत आल्या असत्या, त तुले मी पुढं शिकाले धाडलं नसतं."