अंगदभाऊंचं स्वच्छ शहर

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी मेथी निवडत बसले होते. ‘सिस्टर, तुमचे भाऊ गेले,’ एवढंच त्या म्हणाल्या. मी परिचारिका, मरण जवळून पाहिलेली बाई. काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे प्रश्न माझ्या तोंडातून सवयीनंच बाहेर पडले. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कागदावर तेच लिहिलं असेल आणि ते चूकही नाही. पण याला आता दीड महिना झाला, आणि मला रोज वाटतं की अंगदभाऊ नेकनूरच्या त्या खोलीत बसून कित्येक महिने थोडे थोडे जातच होते. डॉक्टर फक्त शेवटच्या दिवशी आले.

आमची ओळख दुबईतली. मी तिथल्या एका दवाखान्यात होते आणि ते रस्त्याकडेची फुलझाडं सांभाळणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. मराठी मंडळींच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी राहून मी गावाकडच्या बहिणीला ‘कावून गं, कावून फोन केला न्हाईस?’ म्हणून दटावत होते. मागून आवाज आला, ‘बीडच्या का तुमी?’ वळून पाहिलं तर उन्हानं रापलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस हसत उभा. मी म्हटलं, पाटोद्याची. ‘मी नेकनूरचा. म्हंजी घरचंच की!’ त्या दिवसापासून मी त्यांची सिस्टर झाले, दवाखान्यातलीही आणि नात्यातलीही. माझे यजमान दाजी झाले. वहिनी आणि मुलगा गावी होते, त्यामुळे शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी भाऊ आमच्याकडे बाजरीची भाकरी खायला येत. जेवताना त्यांचं एकच पालुपद असे. ‘भाकरी आपली आन शहर यांचं. ह्याच्यापुढं काय न्हाई बघा.’

एकदा त्यांनी आम्हाला हट्टानं त्यांचा चौक दाखवायला नेलं. चौक कसला, वाळवंटात कुणीतरी शालू अंथरला होता. जांभळे, गुलाबी, पांढरे पेटुनियाचे पट्टे, एकही रोप ओळ सोडून नाही. आणि तिथेच त्यांची माणसं ती फुलं भराभर उपटून गाडीत टाकत होती. चांगली टवटवीत फुलं! मी म्हटलं, ‘अहो, जिवंत आहेत की ही अजून.’ भाऊ म्हणाले, ‘सुकायच्या आदीच काढायची असत्यात, सिस्टर. फूल माना टाकाय लागलं की गाव वंगाळ दिसतं. माझ्या चौकात सुकलेलं फूल कुणी बघितलेलं न्हाई आजवर.’ हे सांगताना त्यांची छाती फुगली होती. मी मनात म्हटलं, असलं सौंदर्य तुमचं तुम्हालाच लखलाभ.

त्या शहरावरून आमची भांडणं फार रंगायची. बागेत जाजम टाकून बसलं, डबे उघडले, की कुणीतरी विषय काढणारच. आमच्यात पुण्याचे एक इंजिनिअर होते, ते नाक मुरडत, ‘चकचकीत आहे हो, पण जुनं काय आहे इथे? काचेला का कुणी सौंदर्य म्हणतं?’ त्यांची बायको लगेच त्यांना गप्प करी. ‘मी इथे एकटी फिरते, कुणी वळून बघत नाही, चपलेला चिखल लागत नाही. मला एवढं सौंदर्य पुरे झालं. तुम्ही बसा शनिवारवाडा आठवत.’ सगळे हसायचे. माझं म्हणणं तिसरंच असे. उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात बांधकामावरचे मजूर आणून टाकत. ओठ फाटलेले, अंगात पाणी उरलेलं नाही, जीभ लाकडासारखी. दाटीवाटीनं राहायच्या त्यांच्या खोल्या शहरापासून इतक्या लांब की त्यांची वाळत घातलेली लुंगीसुद्धा कुणाला दिसू नये. मी म्हणायचे, हे शहर नाही, ही पाहुण्यांची बैठक आहे. चूल आणि मोरी मागे दडवून ठेवली, की कुणाचंही घर स्वच्छच दिसतं.

यावर एकदा भाऊ सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, ‘सिस्टर, दवाखान्यात बसून गाव वळखू नगा.’ पण घरी निघताना ते माझ्याशेजारून चालू लागले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘मी कुठं जन्मलो ठाऊक हाय? उसाच्या फडावर. पाचटाच्या झोपडीत, कोपीत. माय-बाप कोयता घेऊन दरसाल जायाचे. तिथं एक डबकं व्हतं. बैल त्यातच बसायचे, बाया त्यातच धुणं धुयाच्या, आन आमी तेच प्यायचो. माय कावीळ होऊन गेली. पिवळी जर्द झालती. मुकादम म्हणला, नशीब तिचं. नशीब न्हवतं सिस्टर... घाण व्हती ती.’ जरा थांबून त्यांनी रस्त्याकडे हात केला. ‘हितं पानी न्हाई, माती न्हाई. तरी नळाला तोंड लावून पेता येतं. मग मला हे गाव सुंदर कावून वाटू नये?’ माझं मत बदललं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या त्या वेडाला हसायचं मी सोडून दिलं. आम्ही बाकीचे शहर आवडतं की नाही यावर बोलत होतो. ते मायशी बोलत होते.

मग त्यांची साठी आली. कंपनीनं हार घातला, पेढे वाटले, आणि व्हिसा संपवला. त्यात कुणाची लबाडी नव्हती, कायदाच तसा, आणि तो त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरी त्यांना वाटत होतं की आपल्याला ठेवून घेतील. इतकी वर्षं चौक राखला, कुणीतरी म्हणेल, अंगद, तू थांब. विमानतळावर आम्ही सोडायला गेलो तेव्हा हा पहाडासारखा माणूस ट्रॉलीला धरून रडला. ‘न्हाई म्हणलं असतं तरी चाललं असतं दाजी... पर इचारलं बी न्हाई कुणी, जातूस का ऱ्हातूस म्हणून.’ मला तेव्हा ती गाडीत फेकली जाणारी टवटवीत फुलं आठवली. मी ते बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी माणसाच्या तोंडावर म्हणायच्या नसतात.

पुढच्या वर्षी आम्हीही बीडला परतलो. मी नेकनूरला गेले तर भाऊंनी घराला जिथे तिथे पांढऱ्या फरश्या बसवलेल्या. संडासात हात पुसायला वेगळा टॉवेल. पण उंबऱ्याबाहेर तीच गल्ली, तुंबलेली नाली, डुकरं आणि कॅरीबॅगा. भाऊ पहाटे उठून सगळी गल्ली झाडत. नऊच्या आत ती पहिल्यासारखी होई. त्यांनी पत्र्याचे ड्रम आणले, हिरवा रंग देऊन कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवले, ‘कचरा येथे टाका’ म्हणून स्वतः लिहिलं. आठवडाभरात एका ड्रममध्ये कुणाच्या म्हशीची पेंड भरलेली सापडली, एकात बायकांनी वापरायचं पाणी साठवलं, आणि एक तर थेट लग्नाच्या मांडवात बर्फ ठेवायला गेला. हे सांगताना वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, मीही हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांना गावात सगळे ‘दुबई’ म्हणू लागले होते. ‘दुबई आली रे, बिडी विझवा!’

ग्रामसभेत त्यांनी नालीचा विषय काढला. मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, ‘लई घाण वाटती तर जावा की दुबईला माघारी!’ आणि सभा खळखळून हसली. साधी थट्टाच होती ती. गावात अशी थट्टा चालतेच, दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही. पण भाऊ खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. जाता आलं असतं तर हा माणूस अनवाणी गेला असता, हे त्या हसणाऱ्यांना काय माहीत? त्या दिवसापासून त्यांनी झाडू टाकला. खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, आणि त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत दिवसच्या दिवस बसू लागले. जेवण कमी झालं. मी गोळ्या बघितल्या, रक्तदाब बघितला, सगळं नीट होतं. जे नीट नव्हतं ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं.

शेवटची भेट त्याच खोलीतली. त्यांना जरा खुलवावं म्हणून मी मुद्दाम दुबईचा विषय काढला. म्हटलं, तो तुमचा चौक काय सुंदर होता हो, तसं शहर पुन्हा बघायला मिळायचं नाही. दुबईत असताना माझ्या तोंडून हे ऐकायला त्यांनी कितीतरी शुक्रवार वाट बघितली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आता कावून खोटं बोलता, सिस्टर?’ मग पडद्याकडे बघत म्हणाले, ‘तुमचंच खरं व्हतं. पाहुण्यांची बैठकच ती. मी येडा, घर समजून बसलो.’

मी आयुष्यात इतके वाद घातले, पण एखादा वाद जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. त्यांनी ते शहरही सोडून दिलं होतं. आता त्यांच्याकडे राहायला जागाच उरली नव्हती. ‘नाही भाऊ, तुमचं खरं होतं, माझं चुकलं,’ असं मी म्हणत राहिले, अगदी हातापाया पडल्यासारखी. ते नुसती मान हलवत होते. येताना बसमध्ये मी लहान मुलीसारखी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? मी हो म्हटलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर बसले होते, पण एक खाली उतरेना. अशा वेळी आपल्याकडे गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करतो असा शब्द देतात, म्हणजे कावळा शिवतो. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. भाऊंचे धाकटे बंधू म्हणाले, बांधावरून भांडणार नाही. एक तरुण पुढे आला, हात जोडून म्हणाला, ‘अंगदनाना, नाली उपसून घेतो, शप्पत.’ त्याचे डोळे भरलेले होते. ग्रामसभेत ओरडणारा तोच, असं मला मागाहून कळलं. कावळे तसेच. ऊन चढलं. वहिनी बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे वळल्या. ‘सिस्टर, तुमाला ठाऊक हाय काय ऱ्हायलंय त्यांचं. तुमी सांगा की.’

मला ठाऊक होतं. कुणीतरी ‘थांब’ म्हणावं, एवढंच राहिलं होतं. त्या शहरानं म्हणावं, नाहीतर या गावानं. पण त्या शहराच्या वतीनं शब्द देणारी मी कोण? आणि आता या गावानं म्हणून उपयोग काय? मी पिंडाकडे बघून नुसते हात जोडले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्याच्याकडून पिंडाला शिववलं, आणि सगळे सुटल्यासारखे उठले. फराळ झाला, चहा झाला, जिपा गेल्या.

मागे नदीकाठ उरला. द्रोण, पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, हारांच्या पिशव्या, अगरबत्तीची पाकिटं. वहिनी जीपमध्ये बसल्याच नाहीत. त्या वाकल्या आणि एकेक पेला उचलू लागल्या. मीही लागले. काठ लख्ख झाला, हातात एक मोठी गच्च पिशवी उरली, आणि मग आम्ही दोघी इकडेतिकडे बघू लागलो. टाकायची कुठे? तिथून गावापर्यंत अशी एक जागा नव्हती. न्यायला परत आलेल्या जीपमध्ये वहिनींनी ती मांडीवर घेऊन घरी आणली.

काल त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, ‘सिस्टर, ती पिशवी आजून त्यांच्या खोलीतच हाय. उकिरड्यावर नेती आन माघारी आनती... त्यांच्या दहाव्याचा कचरा, त्यांना न आवडनाऱ्या जागी कसा टाकू? तुमी तिकडं ऱ्हायल्यात, शिकलेल्या हायत. कुठं टाकू, तेवढं सांगा.’

बघते, मी म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.