ताईचा गुन्हा ताईचाच

ताईच्या दहाव्याला नावड्याच्या तळ्याकाठी पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या पत्र्यावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. जवळच्यांनी शब्द द्या."

दादाने हात जोडले. "ताई, तुझ्या पोरीला मी नेरूळला नेतो. ज्या माणसानं तुला चोरीला लावलं, त्याच्या घरात तिला ठेवणार नाही."

तो माणूस, म्हणजे भावोजी, ओल्या पंच्यात तिथेच बसले होते. अकरावीतली भाची वहिनीजवळ उभी होती. तिची बॅग सकाळीच दादाच्या गाडीत गेली होती.

ताई महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरची प्रमुख होती. त्या जागेवर बसलेली पहिली बाई, म्हणून आम्ही पेढे वाटले होते. भावोजींची नोकरी सुटली होती. ते घरी राहिले, डबे केले, पोरीच्या वेण्या घातल्या. ताई खोट्या गेटपासवर तांब्याच्या तारेची रिळं बाहेर काढत राहिली आणि एक दिवस पकडली गेली. वकील तिला म्हणाले होते, "नवऱ्याचा दबाव होता एवढंच सांगा. बाईमाणूस म्हणून शिक्षा कमी होईल."

"दबाव कसला? त्यांना गेटपास कसा दिसतो तेही माहीत नाही," ताई म्हणाली. "मला जमत होतं, मी केलं." कोर्टातही तिने हेच सांगितलं आणि शिक्षा पुरी भोगून आली.

आमच्या घरात हे कुणालाच पटलं नाही. पेढे वाटताना तिचं डोकं तिचं होतं. चोरीच्या वेळी मात्र ते नवऱ्याचं झालं. मी चोरीची बाजू घेत नाही. तिच्यामुळे गेटवरच्या एका वॉचमनची नोकरी गेली, तेही मी विसरलेले नाही. पण ती मेली म्हणून तिने केलेलं दुसऱ्याच्या नावावर कुणी लावायचं नाही.

मी पुढे झाले. आत्या म्हणाली, "मागे हो गं. बायकांनी इथं बोलायचं नसतं."

"बहीण माझी आहे, आत्या." मी पिंडाकडे पाहिलं. "ताई, चोरी तू केलीस. तुला कुणी लावलं नाही. तुझ्या पोरीसमोर सांगते."

"मेलेल्या बहिणीला चोर म्हणतेस?" दादा म्हणाला.

"ती स्वतःच म्हणाली होती. तू होतास कोर्टात."

"नवऱ्याला वाचवायला म्हणाली."

"तुरुंगात एकदा तरी जाऊन विचारलंस तिला?"

भाचीने विचारलं, "मावशी, बाबांना खरंच माहीत नव्हतं?"

"पोलीस आले तेव्हा ते तुझ्या डब्याची भेंडी चिरत होते. म्हणाले, साहेब, पत्ता चुकलात."

गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "बघ, तुझ्या बोलण्यानं आला नाही तो," आत्या म्हणाली.

"नाही तर नाही."

भाचीने भावोजींच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला. मग दादापाशी जाऊन म्हणाली, "मामा, गाडीची किल्ली दे. माझी बॅग काढायची आहे."

मी दादासमोर हात पसरला, आणि किल्ली हातात पडेपर्यंत तो मागे घेतला नाही.